परीक्षकाचा कागद

महाविद्यालयात मराठी शिकवीत असताना सुमारे पंचवीस वर्षे मी वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांचा परीक्षक म्हणून गावोगाव फिरलो. संयोजकांचे पत्र येई, एस.टी.चे भाडे मिळे आणि व्यासपीठासमोर पहिल्या रांगेत, चादर घातलेल्या टेबलामागे बसावे लागे. हाती एक छापील कागद दिला जाई. विषयप्रतिपादन, भाषाशैली, उच्चार व आवाज, हावभाव, खंडन, एकूण परिणाम असे सहा रकाने आणि शंभर गुण. शेवटच्या स्पर्धकाचे भाषण संपता संपता बेरीज तयार असावी लागे, कारण प्रमुख पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे असे. अशा घाईत मी शेकडो निकाल दिले आणि त्यांतील बहुतेक विसरलो. एक निकाल माझ्या मनात कुठेतरी दबून राहिला होता. तो वर आला तो परक्या देशात, परक्या भाषेतील एक वादविवाद पाहताना.

२०१२ च्या शरद ऋतूत मी अमेरिकेत न्यू जर्सीतील एडिसन या गावी मुलीकडे राहायला गेलो होतो. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक तोंडावर आली होती. जावयांना नुकतेच तिथले नागरिकत्व मिळाले होते आणि ते आयुष्यात प्रथमच त्या देशात मतदान करणार होते. ३ ऑक्टोबरच्या रात्री नऊ वाजता बराक ओबामा आणि मिट रॉम्नी यांचा पहिला वादविवाद दूरचित्रवाणीवर दाखविला जाणार होता. दिवाणखान्यात चार मराठी कुटुंबे जमली होती. भडंगाचा मोठा वाडगा मध्ये ठेवला होता. मुलगी हसत म्हणाली, "आज परीक्षक घरचेच आहेत. बाबा, निकाल तुम्हीच द्यायचा." मीही उत्साहाने एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर सहा रकाने आखले.

डेन्व्हरच्या विद्यापीठातील त्या सभागृहात दोघे आपापल्या उंच मेजांमागे उभे होते. त्या दिवशी ओबामांच्या विवाहाला वीस वर्षे पूर्ण झाली होती. त्यांनी प्रारंभी पत्नीला शुभेच्छा दिल्या. पण त्यानंतर त्यांच्या बोलण्यात प्राण उतरला नाही. पडदा दुभंगून दोघांचे चेहरे शेजारीशेजारी दिसत. एक बोलत असताना दुसरा काय करतो, हेही त्यामुळे कळे. ओबामा बराच वेळ मान खाली घालून काही टिपत होते. रॉम्नी प्रतिस्पर्ध्याकडे रोखून पाहत, नेमक्या क्षणी उत्तर देत, मुद्दे एक, दोन, तीन असे मोजून मांडीत. माझी बेरीज झाली: रॉम्नी चौऱ्याहत्तर, ओबामा अठ्ठावन्न. थोड्याच वेळात सीएनएन वाहिनीने वादविवाद पाहिलेल्या मतदारांचा कौल जाहीर केला. ६७ टक्के लोकांच्या मते रॉम्नी सरस ठरले होते, तर २५ टक्क्यांच्या मते ओबामा. आपला निकाल एवढ्या लोकांच्या निकालाशी जुळला, याचा मला अभिमान वाटला. पंचवीस वर्षांचा अनुभव वाया गेला नव्हता!

जावई मात्र गंभीर होते. त्यांनी विचारले, "बाबा, करांबद्दल दोघांपैकी खरं कोण बोललं?"

प्रश्न साधा होता. रॉम्नींची योजना पाच लाख कोटी डॉलरच्या करकपातीची आहे, असे ओबामा म्हणाले होते; अशी आपली योजनाच नाही, असे रॉम्नींनी ठामपणे सांगितले होते. उलट, ओबामांनी वृद्धांच्या आरोग्य योजनेतून ७१,६०० कोटी डॉलर काढून घेतले, असा रॉम्नींचा आरोप होता. मी पाकिटाकडे पाहिले. त्यावर यांतील एकही आकडा नव्हता. रॉम्नींच्या नकाराला मी 'खंडन' या रकान्यात चांगले गुण दिले होते, कारण तो स्वच्छ आणि निःसंदिग्ध होता. तो खरा होता का, हे विचारण्यासाठी रकानाच नव्हता. मी म्हणालो, "ते या रकान्यांत बसत नाही." हे वाक्य तोंडातून निघाले आणि मी दचकलो. असेच एक वाक्य मी पूर्वी एकदा उच्चारले होते.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका तालुक्याच्या गावी आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, 'मोठी धरणे विकासाला पोषक आहेत'. अनुकूल बाजूने बोललेल्या एका मुलाने सभागृह जिंकले. आवाज धीरगंभीर, उच्चार निर्दोष, शेवटी सर्वांना उभारी देणारे आवाहन. धरणग्रस्तांना पर्यायी जमिनी मिळाल्या असून त्यांचा प्रश्न संपला आहे, असे तो बोलण्याच्या ओघात सांगून गेला. त्याच्यानंतर प्रतिकूल बाजूने एक मुलगी उभी राहिली. ती एका पुनर्वसित वसाहतीतून आली होती. हातातला कागद थरथरत होता आणि तिची नजर कागदावरून उठत नव्हती. गावाची किती एकर जमीन पाण्याखाली गेली, किती कुटुंबे उठली, किती जणांना कोणत्या वर्षी जमीन मिळाली आणि किती जण अजून वाट पाहत आहेत, हे ती अडखळत वाचत राहिली. खंडनाच्या वेळी ती एवढेच म्हणाली, "आमचीच जमीन अजून मिळालेली नाही." मी माझ्या कागदावर शेरा लिहिला: 'व्यक्तिगत उदाहरण, सर्वसाधारण युक्तिवाद नाही.' आणि गुण कापले. मुलाला पहिले पारितोषिक मिळाले. तिला उत्तेजनार्थही मिळाले नाही.

कार्यक्रम संपल्यावर ती टेबलाजवळ आली. तिची तक्रार नव्हती. तिने विचारले, "सर, तो जमिनींचं बोलला, ते खरं होतं का?" मी तिला समजावले, "अगं, स्पर्धेत खरं-खोटं बघत नाहीत. मांडणी बघतात." तिने मान हलवली आणि ती निघून गेली. मला शेवटची एस.टी. गाठायची होती.

एडिसनच्या त्या रात्रीनंतर मी तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात जाऊन या वादविवादांचा इतिहास वाचू लागलो. आपल्या अपराधाला सोबती शोधावेत, तसाच काहीसा तो खटाटोप होता. सोबती भरपूर मिळाले.

पहिली कथा सर्वश्रुत आहे. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागोतील दूरचित्रवाणी केंद्रात जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन समोरासमोर आले आणि सुमारे सात कोटी लोकांनी त्यांना पाहिले. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यामुळे नुकतेच रुग्णालयात राहून आले होते. वजन उतरलेले, चेहऱ्यावर दाढीची खुंटसावली, करड्या पार्श्वभूमीत विरून जाणारा करडा पोशाख. केनेडी मात्र ताजेतवाने दिसत होते. ज्यांनी हा वादविवाद रेडिओवर ऐकला त्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना केनेडी, असे तेव्हापासून सांगितले जाते. वर्गात माध्यमांविषयी बोलताना मीही ही कथा अनेकदा सांगितली होती. ग्रंथालयात कळले की तिचा मुख्य आधार एकच सर्वेक्षण होते आणि त्यातील रेडिओ-श्रोत्यांची संख्या अगदी थोडी होती. रेडिओ ऐकणारे बरेचसे ग्रामीण भागातील, म्हणजे आधीपासूनच निक्सन यांच्याकडे झुकलेले असू शकतील, अशी शंका अभ्यासकांनी १९८० च्या दशकात उपस्थित केली. पुढे २००३ मध्ये जेम्स ड्रकमन यांनी तोच वादविवाद काही तरुणांना नुसता ऐकवला आणि काहींना दाखवला. तेव्हा चित्रामुळे निकालात खरोखरच फरक पडतो, असे आढळले. म्हणजे कथेचे सार बरोबर होते, पण तिचा पुरावा कच्चा होता. खरे काय हे न तपासता, ऐकायला चांगली वाटते म्हणून मी ती सांगत आलो होतो. येथेही मी मांडणीलाच गुण दिले होते!

दुसरी कथा १९७६ ची. जेराल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांच्या पहिल्या वादविवादात ध्वनियंत्रणा बंद पडली. दोघेही उमेदवार तब्बल २७ मिनिटे आपापल्या जागी जवळजवळ निश्चल उभे राहिले. एकमेकांशी चार शब्द बोलावेत असेही त्यांना वाटले नाही. त्या सत्तावीस मिनिटांना कोणत्या रकान्यात किती गुण द्यावेत? परंतु महत्त्वाची घटना घडली ती ६ ऑक्टोबरच्या दुसऱ्या वादविवादात. पूर्व युरोपावर सोव्हिएत संघाचे वर्चस्व नाही, असे विधान फोर्ड यांनी केले. त्या काळच्या परिस्थितीत ते उघडउघड चुकीचे होते. तरीही त्याच रात्री ज्यांना विचारण्यात आले, त्यांतील अधिक लोकांना फोर्डच किंचित सरस वाटले होते; पूर्व युरोपाचा उल्लेखही फारसा कोणी केला नव्हता. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी ते वाक्य उचलून धरले आणि संध्याकाळपर्यंत मोठ्या बहुमताने कार्टर विजयी ठरले. वादविवाद तोच, प्रेक्षकही त्याच देशातले. निकाल मात्र चोवीस तासांत उलटला.

यावरून, 'माध्यमे सांगतात तेच लोक बोलतात' असा निष्कर्ष काढण्याचा मोह मला झाला. पण थोडा विचार केल्यावर तो अपुरा वाटला. फोर्ड यांचे विधान चुकीचेच होते. पहिल्या रात्री प्रेक्षकांच्या ते लक्षात आले नाही आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी लक्षात आणून दिले, यात वाईट काय? उशिरा लागलेल्या निकालात दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक म्हणजे नव्याने मिळालेली माहिती, आणि दुसरी म्हणजे चारचौघांच्या मताची लागण. माहिती अवश्य घ्यावी. मत उसने घेऊ नये. दोन्ही एकाच तोंडून, एकाच वाक्यातून येत असल्यामुळे त्यांना वेगळे करणे मात्र कठीण असते. एडिसनला वाहिनीचा कौल ऐकून मला झालेला आनंद माहितीचा नव्हता. तो कळपात सामील झाल्याचा आनंद होता.

आपल्या परंपरेत या विषयाचा किती बारकाईने विचार झाला आहे, याची आठवण मला तिथेच झाली. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वाचा निर्णय व्हावा म्हणून होतो तो वाद. विजय मिळावा म्हणून होतो तो जल्प. त्यात शब्दच्छलासारखी साधनेही वापरली जातात. आणि स्वतःची कोणतीच बाजू सिद्ध न करता केवळ प्रतिपक्ष खोडून काढला जातो तो वितंडा. या तिन्हींपैकी आपल्या रोजच्या बोलण्यात 'वितंडवाद' तेवढा मूळ अर्थ बऱ्यापैकी सांभाळून उरला. 'जल्प' विस्मृतीत गेला आणि 'वाद' या शब्दाला भांडणाचा अर्थ चिकटला. 'उगाच वाद नको' असे आपण सहज म्हणतो, तेव्हा सत्य शोधण्याच्या एका रीतीचेच नाव आपण टाकून देत असतो.

न्यायसूत्रांत पराभवाची बावीस स्थाने मोजली आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. मूळ विषय सोडून भलतेच बोलणे म्हणजे अर्थांतर. आपल्यावरील दोष न निवारता 'तोच दोष तुमच्यातही आहे' असे म्हणणे म्हणजे मतानुज्ञा, कारण त्यात आपला दोष आपण मान्यच केलेला असतो. उत्तर न सुचणे म्हणजे अप्रतिभा. ही यादी मला नवी नव्हती. पण ती समोर ठेवून मी कधी परीक्षण केले नव्हते. तसे केले असते, तर अर्थांतर आणि मतानुज्ञा करूनही टाळ्या मिळवणारे कितीतरी विजेते खाली उतरले असते. आमच्या छापील कागदावर केवळ अप्रतिभेला शिक्षा होती. जो अडखळला, तो हरला.

१६ ऑक्टोबरला दुसरा वादविवाद झाला, तेव्हा मी रकाने आखले नाहीत. वहीच्या डाव्या पानावर फक्त तपासता येतील अशी विधाने लिहायची आणि उजवे पान दुसऱ्या दिवसासाठी कोरे ठेवायचे, असे ठरवले. वाहिनीवरील पंडितांचे विश्लेषण सुरू होण्यापूर्वी मुलीने दूरचित्रवाणी संच बंद केला. दोन दिवस जावई आणि मी ती वही घेऊन बसलो. पहिल्या वादविवादातील आकडेही तपासले. पाच लाख कोटींचा आकडा दहा वर्षांचा होता. करांचे दर कमी करण्याची रॉम्नींची योजना होतीच, पण काही सवलती रद्द करून ती भरपाई करू असे ते म्हणत होते. कोणत्या सवलती, हे मात्र सांगत नव्हते. ७१,६०० कोटींची कपातही दहा वर्षांची होती. ती मुख्यतः रुग्णालये आणि विमा कंपन्यांना द्यायच्या रकमांच्या भावी वाढीतली होती, वृद्धांना मिळणारे लाभ त्यामुळे थेट कापले जात नव्हते. दोघांनीही अर्धे सांगितले होते आणि अर्धे झाकले होते. हे कळायला दोन संध्याकाळी लागल्या. पडद्यावर ती वाक्ये काही सेकंदांत येऊन गेली होती. जावयांनी मत कोणाला दिले ते मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. पण ते मतदान केंद्राकडे निघाले तेव्हा ती वही त्यांनी आदल्या रात्री पुन्हा वाचली होती, हे मला ठाऊक होते.

६ नोव्हेंबरला ओबामा निवडून आले. वादविवादातील विजय आणि निवडणुकीतील विजय यांची गाठ तशी सैलच असते. २००४ मध्ये जॉन केरी आणि २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना पाहणीतील प्रेक्षकांनी वादविवादांत सरस ठरवले होते. राष्ट्राध्यक्ष झाले ते त्यांचे प्रतिस्पर्धी. म्हणून हे वादविवाद निरर्थक असतात, असे मात्र मला म्हणता येत नाही. २७ जून २०२४ रोजी जो बायडन आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा वादविवाद झाला. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. घरी चहाचा कप हातात धरून मी तो पाहिला. बायडन यांचा आवाज बसला होता, वाक्ये मध्येच तुटत होती. ट्रम्प यांची अनेक आणि बायडन यांचीही काही विधाने तथ्यांना धरून नव्हती, असे पडताळणी करणाऱ्यांनी दाखवून दिले. पण जगभर बोलले गेले ते बायडन यांच्या अडखळण्याविषयी. २१ जुलैला त्यांनी उमेदवारी मागे घेतली.

त्या सकाळी मी गोंधळलो. अडखळणाऱ्याला शिक्षा करू नये, हा धडा मी मोठ्या कष्टाने शिकलो होतो. मग इथे काय म्हणावे? पुष्कळ विचारांती मला वाटते ते असे: अडखळण्याचा अर्थ समोर कोणता प्रश्न आहे यावर ठरतो. एक्याऐंशी वर्षांचा माणूस पुढील चार वर्षे अतिशय कठीण पद सांभाळू शकेल का, असा प्रश्न असेल, तर तो कसा बोलतो ही प्रस्तुत माहिती आहे. जमिनी मिळाल्या की नाही, असा प्रश्न असेल, तर सांगणाऱ्या मुलीचा हात थरथरतो ही माहिती अप्रस्तुत आहे. कोण प्रभावी वाटले, कोण खरे बोलले आणि कोणावर काम सोपवावे, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. 'कोण जिंकले?' असे विचारले की तिन्हींचा लगदा होतो, आणि पहिल्याचे उत्तर तिन्हींचे उत्तर म्हणून खपून जाते.

निवृत्तीनंतर काही वर्षे मी एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रात समंत्रक म्हणून शिकवतो. तिथे हा सारा अनुभव एकदा सांगितला. वर्गात शेतकरी होते, एक बसवाहक होते, दोन अंगणवाडी सेविका होत्या. मागच्या बाकावर बसणाऱ्या एक बाई ग्रामपंचायत सदस्य होत्या. लग्नानंतर राहिलेले शिक्षण पंचेचाळिशीत पुरे करत होत्या. त्या म्हणाल्या, "सर, ग्रामसभेत बी लई मोठ्यानं बोलणारे असत्यात. पण कोण जिंकलं ते आम्ही लिहीत नाही. कोण काय बोललं ते इतिवृत्तात जातं, आणि पुढच्या सभेत आधी तेच वाचून दाखवतात. तवा बोलणारा बी तिथंच बसलेला असतो."

मी इतकी वर्षे ज्याच्या शोधात होतो, ते त्यांच्या पंचायतीच्या कपाटात होते. वादविवाद संपतो तिथे परीक्षण संपत नाही. बोललेले शब्द कोणीतरी जपून ठेवावे लागतात आणि वेळ आल्यावर बोलणाऱ्याच्या समोर वाचावे लागतात. पाच वर्षांनी मत मागायला माणूस पुन्हा दारात येतो, तेव्हा आपल्यापाशी त्याचे इतिवृत्त असते का, की फक्त त्याच्या आवाजाची आठवण असते?

त्या रात्री मी जुन्या कागदांचे गाठोडे सोडले. बऱ्याच शोधाशोधीनंतर त्या स्पर्धेचा माझा कागद सापडला. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण शाई टिकून होती. त्या मुलीच्या नावापुढे सहा रकान्यांतले गुण होते, बेरीज होती आणि माझा तो शेरा होता. तिने वाचलेले एकरांचे, कुटुंबांचे आणि वर्षांचे आकडे मी आठवून पाहू लागलो. बराच वेळ बसलो. त्यांतला एकही आठवला नाही. कागदावरही त्यांतला एकही नव्हता.